पहिल्या दिवसाची कीर्तनं सापडली, दुसऱ्या दिवसाची नाहीत

मे महिन्याचा दुसरा शनिवार

बरेच दिवस घरच्या बॅकअपची नोंद लिहिली नाही, कारण काही बिघडत नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं.

मांडणी पुन्हा एकदा सांगतो. बेडरूममधल्या कपाटावर जुना डेस्कटॉप, हाच आमचा सर्व्हर, त्यावर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार), आत चार टीबीची डिस्क, तिची फाइल सिस्टिम, म्हणजे फाइली मांडून ठेवायची पद्धत, ईएक्सटी४. बाबांच्या टेबलावर विंडोजचा पीसी आणि त्याला एक टीबीची यूएसबी डिस्क, तिच्यावर विंडोजची फाइल सिस्टिम, एनटीएफएस. निवृत्तीनंतर बाबांनी घरातल्या कीर्तनांच्या कॅसेट संगणकावर उतरवायला घेतल्यात. सी-६० असेल तर एक बाजू अर्धा तास, सी-९० असेल तर पाऊण तास, आणि बाबा प्रत्येक बाजू पूर्ण ऐकतात. दर शनिवारी मी ती यूएसबी डिस्क सर्व्हरला लावतो आणि आरसिंक, म्हणजे नव्या-बदललेल्या फाइलींची प्रत करणारा प्रोग्रॅम, चालवतो. एरवी चहा होईपर्यंत काम उरकतं.

आज दोन चहा झाले तरी संपेना. वेग मधेच शून्यावर जायचा, मग जरा धावायचा, पुन्हा शून्य. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, लॉगमध्ये ‘हार्ड रिसेटिंग लिंक’ची, म्हणजे डिस्कशी जोडणी पुन्हा सुरू करतोय या ओळीची, रांग लागलेली. मी डिस्क गेली असं ठरवून टाकलं आणि नवी मागवली. ही घाई नडली. आधी स्मार्टची, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीबद्दल ठेवते ती, आकडेवारी बघायला हवी होती. रात्री बघितली तर ५ नंबर, म्हणजे खराब झाल्याने बदललेली सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), शून्य. १९७ नंबर, म्हणजे संशयित सेक्टर, तेही शून्य. फुगला होता तो १९९, म्हणजे सीआरसी चुका. हा आकडा डिस्कच्या तबकडीबद्दल काही सांगत नाही. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाटेत डेटा खराब होतोय, एवढंच तो सांगतो. ती वाट म्हणजे साटा केबल.

रविवार

तपकीर गल्ली (पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) रविवारी अर्धी बंद असते हे दर वेळी तिथे पोचल्यावर आठवतं. उघड्या असलेल्या एका दुकानात लॉक असलेली केबल मिळाली. दुकानदाराने विचारलं, “एकच?” दोन घेतल्या. घरी येऊन केबल बदलली आणि वेग पूर्ववत झाला. एकदा वाढलेला १९९चा आकडा खाली येत नाही, तेव्हा तो पाहून घाबरू नका. पुढे वाढतोय का तेवढं बघा. नवी डिस्क परवा येईल. असू दे, दुसरी प्रत ठेवायला होईल.

खरी गंमत पुढेच आहे. केबल झाल्यावर आरसिंक शेवटपर्यंत गेलं आणि मी पहिल्यांदाच शेवटची ओळ नीट वाचली. काही फाइल गेल्या नाहीत, कोड २३. ही ओळ मी आजवर प्रत्येक शनिवारी पाहिलेली आहे. परवानग्यांची काहीतरी कटकट असेल म्हणून सोडून देत होतो. आज वर सरकवून बघितलं तर दोनशे सत्तर फाइलींपुढे एकच तक्रार: ‘फाइल नेम टू लाँग’, एरर ३६.

त्यातली एक घेतो. बाबांनी दिलेलं नाव जसंच्या तसं:

कीर्तन पूर्वरंग ज्ञानेश्वरी अध्याय नववा एकादशीच्या आदल्या दिवशी विठ्ठल मंदिरात पेटीवर आमचे बंधू बाजू ब शेवटी थोडी खरखर आहे

नाव लांब आहे खरं, पण विंडोजने ते कधीच नाकारलं नव्हतं. मग लिनक्सलाच काय झालं? दोघांचीही मर्यादा २५५ची. फरक आहे तो कशाचे २५५ यात. एनटीएफएस युनिकोडची (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणारी पद्धत) चिन्हं मोजतं आणि ईएक्सटी४ बाईट मोजतं. यूटीएफ-८मध्ये, म्हणजे ती चिन्हं बाईटमध्ये लिहायच्या पद्धतीत, इंग्रजी अक्षराला एक बाईट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. शिवाय इथे चिन्ह म्हणजे आपलं अक्षर नव्हे. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त, सगळी वेगळी मोजली जातात. ‘ज्ञानेश्वरी’ आपल्याला चार अक्षरी शब्द वाटतो. संगणकाच्या लेखी ती ११ चिन्हं आणि ३३ बाईट. वरचं अख्खं नाव, मधल्या रिकाम्या जागा आणि एमपीथ्रीचं शेपूट धरून, विंडोजच्या हिशेबात १२६ भरतं आणि लिनक्सच्या हिशेबात ३३४. म्हणजे सलग देवनागरीत लिहिलंत तर ईएक्सटी४वर ८५ चिन्हांत खेळ खलास. एक्सएफएस आणि बीटीआरएफएसवरही २५५ बाईटच, त्यामुळे फाइल सिस्टिम बदलून पळवाट सापडली असं समजू नका.

म्हणजे ज्या कॅसेटवर बाबांनी सगळ्यात जास्त जीव टाकला, आठवून आठवून तपशील लिहिले, नेमक्या त्याच इतके दिवस सर्व्हरवर गेल्या नव्हत्या. ‘टेस्ट १’ आणि ‘नवीन २’ मात्र अगदी सुखरूप.

सोमवार ते बुधवार

पर्याय चाचपले. सर्व्हरवरची डिस्क एनटीएफएस करायची? नको. रेस्टिक किंवा बॉर्गसारखं बॅकअपचं साधन फाइलींची नावं स्वतःच्या साठ्यात आतल्या आत ठेवतं, त्यामुळे बॅकअप बिनबोभाट होईल, पण ईएक्सटी४वर परत काढायची वेळ आली की पुन्हा तेच रडगाणं. परत काढायला जायचं ते संकटात, आणि तेव्हा मला नवीन कोडी नको आहेत.

मागच्या वर्षी मी हेच काम विंडोजकडून रोबोकॉपीने (विंडोजसोबत येणारी, फाइली कॉपी करायची आज्ञा) करायचो. त्याकडे परत जावं का, असाही विचार आला. पण त्याची एक खोड मी विसरलेलो नाही. दुसऱ्या प्रोग्रॅमने धरून ठेवलेली फाइल मिळाली नाही तर रोबोकॉपी मूळ सेटिंगनुसार दर ३० सेकंदांनी, असे १० लाख वेळा प्रयत्न करतो. गुणाकार करून बघा, एका फाइलीपायी ३४७ दिवस. बाबांनी ऑडॅसिटी (आवाज रेकॉर्ड करायचा प्रोग्रॅम) उघडी ठेवली होती आणि माझा बॅकअप रात्रभर त्याच दारात बसून होता. वापरत असाल तर आर (किती वेळा प्रयत्न) आणि डब्ल्यू (मधे किती थांबायचं) हे दोन स्विच आधी लावा. आणि टास्क शेड्युलरमध्ये (ठरलेल्या वेळी काम चालवणारा विंडोजचा प्रोग्रॅम) निकाल १ दिसला तर हादरू नका. रोबोकॉपीच्या भाषेत त्याचा अर्थ फाइली कॉपी झाल्या असा आहे. काळजी ८ आणि त्यापुढे.

सगळ्यात साधा उपाय म्हणजे नावं आखूड करणं. तो बाबांना सांगायचा होता.

“बाबा, नाव लहान ठेवायला लागेल.”

“का?”

“मशीनला एवढं लांब चालत नाही.”

“माझ्या मशीनला चालतंय की. तुझंच काहीतरी बिघडलंय.”

हलन्ताचे तीन बाईट वगैरे समजावायला गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलून ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मग इंग्रजीत लिहू म्हणतोस? पूर्वरंग इंग्रजीत?” मी गप्प.

शेवटी तोड निघाली त्यांच्याच वहीतून. बाबा प्रत्येक कॅसेटला नंबर घालतात, ०४७ ब असा. ठरलं असं की फाइलीचं नाव फक्त ‘कीर्तन ०४७ ब’ आणि शेजारी त्याच नावाची एक टेक्स्ट फाइल. त्यात बाबांनी हवं तेवढं लिहावं, पेटीवर कोण, तबल्यावर कोण, बुवांचा घसा त्या दिवशी कसा होता. तिथे बाईट कोणी मोजत नाही.

गुरुवार

लाईट नव्हती. गुरुवारच तो, दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवायचा.

जून, पालख्यांचे दोन दिवस

माउलींची पालखी भवानी पेठेत, तुकोबांची नाना पेठेत, अर्धे रस्ते बंद, गाडी काढण्यात अर्थ नव्हता. घरी बसून स्क्रिप्ट लिहून टाकली. बाबांच्या वहीवरून जुनी नावं आणि समोर नवा नंबर असा तक्ता मी टाइप केला. स्क्रिप्ट यूएसबी डिस्कवर जुनं नाव शोधणार, नवं नाव देणार आणि जुनं नाव टेक्स्ट फाइलीत उतरवणार. नाव बदलण्याआधी अख्ख्या डिस्कची प्रत नव्या आलेल्या डिस्कवर घेतली, एनटीएफएस ते एनटीएफएस. (घाईने केलेली खरेदी अशी कामाला आली.)

दोनशे सत्तरपैकी दोनशे एकोणतीस झाल्या. एकेचाळीस फाइली ‘नाही’ म्हणून आल्या. स्क्रीनवर तर समोर दिसत होत्या. तक्त्यातलं नाव आणि डिस्कवरचं नाव एकाखाली एक ठेवून बघितलं, तंतोतंत तेच. एकेचाळीसची यादी दोनदा वाचून काढली तेव्हा लक्षात आलं: पहिल्या दिवसाची कीर्तनं सगळी सापडली होती, दुसऱ्या दिवसाचं एकही नाही. तिसऱ्या दिवसाचंही नाही. कऱ्हाडची दोन्ही गायब. म्हणजे ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’, बाकी काही नाही.

‘दुसऱ्या’ हा एकच शब्द दोन्हीकडून उचलून हेक्सडंपमध्ये, म्हणजे एकेक बाईट उघडा करून दाखवणाऱ्या साधनात, टाकला. माझ्याकडचा २१ बाईट. बाबांकडचा २४.

मी इनस्क्रिप्ट कीबोर्डवर टाइप करतो. तिथे शिफ्ट धरून ‘र’ दाबला की नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) ‘ऱ’ येतो, मग हलन्त, मग य. बाबा ज्या फोनेटिक कीबोर्डवर लिहितात तो साधा र, हलन्त आणि त्यामागे एक अदृश्य चिन्ह घालतो, झिरो विड्थ जॉइनर. तीन बाईट त्याचेच. युनिकोडला दोन्ही पद्धती मान्य आहेत आणि फाँट दोन्हींचा तोच चंद्रकोरीसारखा अर्धा र काढतो. डोळ्यांना एकच शब्द, फाइल सिस्टिमला दोन.

मॅकवाल्यांना याचा तिसरा अवतार भेटेल. जुनं एचएफएस प्लस (मॅकची आधीची फाइल सिस्टिम) नावातला ‘ऱ’ फोडून र आणि खाली नुक्ता असा ठेवतं, आणि तिथून लिनक्सकडे आरसिंक केलं की तीच फाइल दर वेळी नवी वाटू शकते. त्यावर नावाचं रूप बदलणारा आरसिंकचा आयकॉन्व्ह पर्याय आहे, फाइलींची नावं बदलणाऱ्या कनव्हएमव्ही प्रोग्रॅमचा एनएफसी पर्यायही चालतो, कारण युनिकोडच्या नियमाने ती दोन रूपं समान आहेत. जॉइनरवालं रूप मात्र त्या नियमात बसत नाही. नॉर्मलायझेशन, म्हणजे समान रूपं एकसारखी करणं, त्याला हातही लावत नाही, हे करून बघितलं. तिथे स्वतःच बदल लिहावा लागतो: र, हलन्त, जॉइनर दिसलं की त्याजागी ऱ, हलन्त. एक ओळ. सगळेच जॉइनर सरसकट उडवू नका, मुद्दाम अर्धं रूप दाखवायला लोक ते वापरतात.

बदल केला, स्क्रिप्ट पुन्हा चालवली. एकेचाळीसच्या एकेचाळीस.

परवाचा शनिवार

आरसिंक, कोड शून्य. यावर विश्वास ठेवायचा नाही असं ठरवलं होतं, म्हणून चेकसमचा पर्याय लावून पुन्हा चालवलं. सगळं वाचून ताडायला वेळ लागतो, एवढ्या डिस्कला दुपार गेली. फरक शून्य.

मग सर्व्हरवरची एक फाइल काढून बाबांच्या पीसीवर लावली. मुद्दाम तीच घेतली, ०४७ ब, नववा अध्याय, शेवटी खरखरवाली. बाबा खुर्ची ओढून बसले. बुवांचा आवाज, काकांची पेटी, मागे कोणाचं तरी मूल रडतंय. पंचवीस मिनिटं आम्ही दोघं काही बोललो नाही. शेवट आला, टाळांचा गजर झाला, स्वच्छ संपलं.

“खरखर कुठंय?” बाबांनी विचारलं.

माझ्या पोटात गोळा. फाइल बदलली की काय? चेकसम तर जुळला होता.

बाबांनी वही उघडली, मागची दोन पानं चाळली आणि म्हणाले, “ही बाजू अ आहे रे. मीच उलटी लिहिलीय. दोन वर्षं.”

आता ०४७ अ आणि ब यांची अदलाबदल करायची आहे. बाबांना शंका आहे की ०४८पासून ०५२पर्यंतही तोच घोळ असणार, ते सध्या ऐकत बसलेत.