तुम्ही विचारलंत म्हणून: अंगणातली गाडी भाड्याने का देत नाही?

गोव्यातला मोपा विमानतळ 2023 च्या जानेवारीत सुरू झाला तेव्हापासून आमच्या पेडण्यात कुणाकडे रिकामी खोली दिसली की लोकांना भाडंच दिसतं, आणि आमच्या अंगणात तर आख्खा बेड, बेसिन, संडास असलेली ट्रॅव्हलर, म्हणजे मिनीबसची केलेली फिरती खोली, उभी आहे (नवऱ्याची हौस, लॉकडाऊनमधली, वर्षातून दोनदा फिरते). त्यामुळे येणारा जाणारा विचारतो, वहिनी, ही महिन्याने का देत नाही? हरमल-मांद्र्याला माणसं खोल्या शोधत फिरतायत.

आम्ही देणार होतो हो. चौकशी करायला गेलो आणि अडकलो.

आमचा हिशेब असा, की गाडी उभीच राहणार, चालवणार कुणी नाही, मग खाजगी गाडीची पांढरी नंबरपाटी की भाड्याच्या गाडीची पिवळी हा वादच येत नाही. पण पर्यटन खात्याला चाकांशी देणंघेणं नाही, पैसे घेऊन पाहुणा झोपवला म्हणजे 1982 च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली नोंदणी आली. बरं, पर्यटक नको, वर्षभराचा भाडेकरू ठेवू म्हटलं तर पोलिसांकडे त्याची पडताळणी आली, त्याचा गोव्यात 2024 पासून वेगळा कायदाच आहे. परदेशी माणूस असेल तर 24 तासांत ऑनलाइन कळवायचं. चाकं काढून चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) जोत्यावर बसवा असं एका शहाण्याने सुचवलं, म्हणजे पंचायतीला ते बांधकाम दिसणार आणि आरटीओच्या कागदावर ती गाडीच राहणार! आणि विमा खाजगी वापराचा, भाडेकरूच्या हातून गॅसने पेट घेतला तर विमा कंपनी आम्हाला दारात तरी उभं करेल का? विजेचंही तेच, घरगुती मीटरवरून धंद्याला वायर ओढलेली पकडली तर वीज कायद्याचं कलम 126 लावून दुप्पट दराने बिल काढतात.

महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, केरळनेही त्याच वर्षी. पण ते सगळं पर्यटकांसाठी. कुणाच्या घरामागे उभी करून त्यात वर्षभर राहायचं, हा विचारच त्यात नाही.

सासूबाईंची भीती मात्र निराळीच. म्हणाल्या, अगो, ठेवशील त्याला आणि उद्या मुंडकार होऊन बसेल! (मुंडकार म्हणजे भाटकाराच्या, जमीनमालकाच्या, जागेत घर करून राहणारा, ज्याला कायद्याने सहज काढता येत नाही.) मी त्यांना सांगितलं की 1975 च्या मुंडकार कायद्यात भाडं देणारा माणूस मुंडकार धरतच नाहीत, पण ज्यांनी भाटकार-मुंडकारांचे खटले मामलेदाराकडे वर्षानुवर्षं चाललेले बघितलेत त्यांना कलमं सांगून काय उपयोग.

तरी खरं सांगायचं तर हे सगळं पुरं करता आलं असतं. हेलपाटे घालायचे, फी भरायची, गोव्यात तेवढं जमतं सगळ्यांना. अडलं ते संडासावर. गाडीतली टाकी वीस लिटरची, दोन माणसांना तीन दिवस म्हणजे डोक्यावरून पाणी. ती रिकामी कुठे करायची? आमचा सेप्टिक टँक घराच्या पलीकडच्या बाजूला, गाडी विहिरीपासून दहा पावलांवर, आणि खाली सगळा चिरा, म्हणजे ओतलेलं पाणी कुठून कुठे झिरपेल सांगता येत नाही. आम्ही घरचे असतो तेव्हा नवरा टाकी उचलून पलीकडे नेतो, तोंड वाकडं करत, पण नेतो. भाड्याने राहणारा पावसात रात्री अकरा वाजता नेईल? झाडांत ओतून झोपेल. त्या विहिरीचं पाणी आम्ही पितो, शेजारची दोन घरंही पितात.

नवीन सेप्टिक टँक बांधायचा खर्च विचारला, तो ऐकून नवरा दोन दिवस गाडीचं नाव काढत नव्हता.

सध्या भाचा दहावीच्या अभ्यासाला रात्री तिथे झोपतो. भाडं काही नाही. टाकी मात्र त्यानेच न्यायची, आणि पलीकडच्या बाजूलाच.