एलीचा आवाज

मागच्या रविवारी आजीसोबत 'अप' परत बघितला. पिक्सारचा ॲनिमेशन सिनेमा, २००९ चा. आजीला इंग्रजी येत नाही म्हणून मी शेजारी बसून सांगत होते, हा कार्ल, ही एली, पण त्यांचं लग्न झालं आणि मला गप्पच बसावं लागलं, कारण पुढची चारेक मिनिटं कोणी बोलतच नाही आणि त्यात अख्खा संसार होऊन जातो.

दोघं धबधब्याच्या ट्रिपसाठी बरणीत पैसे साठवतात, मग कधी टायर पंक्चर, कधी कार्लचा पाय मोडतो, कधी छपरावर झाड पडतं आणि दर वेळी बरणी फुटते. आजी लगेच म्हणाली, "आमचे काशीचे पैसे पण असेच जायचे गं." एली रोज कार्लच्या टायची गाठ बांधते, नुसते टाय बदलत जातात आणि शेवटी बघतो तर केस पांढरे झालेले. म्हातारपण आलं हे टायवरून कळतं, किती साधं आहे हे!

यात मायकल जियाकिनोचं संगीत म्हणजे खरा जीव आहे (त्याला ऑस्कर मिळालं ते अगदी योग्यच). तीन मात्रांचा वॉल्ट्झ, आपल्या दादऱ्यासारखा झुलणारा, लग्नात तो नाचत असतो आणि हॉस्पिटलपर्यंत तीच चाल एकट्या पियानोवर येते, इतकी हळू की पुढचा सूर येईल का नाही असं वाटतं. चाल बदलत नाही, म्हणूनच जास्त लागतं. पुढे कार्ल एलीचं पुस्तक उघडतो तेव्हा परत तीच चाल, आणि आपल्याला पण सगळं आठवायला लागतं.

आणि आवाज! कार्लचा आवाज एड ॲस्नरचा, खरखरीत, रागीट, पण एली वारल्यावर तो घराशीच एली समजून बोलतो तेव्हा एकदम मऊ होतो. लहान एलीचा आवाज दिग्दर्शक पीट डॉक्टरच्या मुलीचा आहे, खऱ्याखुऱ्या लहान मुलीचा, धाप लागेपर्यंत बडबडणारा. मोठी एली सिनेमात एक शब्द बोलत नाही! म्हणजे ती म्हातारी होऊन गेली तरी आपल्या कानात ती अजून सात-आठ वर्षांचीच असते, आणि मला वाटतं कार्लच्या कानात पण तसंच असणार.

कार्ल सगळा चौकोनी काढलाय, डोकं, चष्मा, खुर्ची पण. एलीचं सगळं गोलाकार. शेवटी फुगे बांधून धबधब्यापर्यंत उडवत आणलेलं घर हलकं करायला कार्ल सामान बाहेर फेकतो तेव्हा त्या दोन खुर्च्या धबधब्याजवळ शेजारी शेजारी उभ्या दिसतात. तिथे आजीने माझा हात धरला. आजोबांची आरामखुर्ची अजून आमच्या गॅलरीत आहे, आजी तिच्यावर कुणाला टॉवेल पण वाळत टाकू देत नाही.