आईच्या डोक्यावरची तुळस
यंदा मी पुण्यातून माऊलींच्या पालखीबरोबर निघाले, तरडगावपर्यंत. कुठल्या दिंडीत नाव नाही, अशीच मोकळी चालले. तशी आमच्या घरात तीन पिढ्यांची वारी, अण्णा विणेकरी, दिंडी रथाच्या मागे, माझ्यापासून इतकी जवळ की टाळ ऐकू यायचे. पण त्या दिंडीत मला जागा नाही कारण मी लेस्बियन आहे.

६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाचा कलम ३७७ चा निकाल आला, समलैंगिक संबंध गुन्हा नाही म्हणून, आणि त्याच दिवाळीत मी घरी सांगून टाकलं, म्हटलं आता कोर्टच म्हणतंय गुन्हा नाही तर निदान ऐकून तरी घेतील. अण्णा एक शब्द बोलले नाहीत, उठले आणि माझ्या गळ्यातली माळ ओढली, दोरा तुटला, मणी पार गॅसच्या शेगडीखाली गेले. माळ तुटली तर परत ओवून घालेपर्यंत घास घ्यायचा नाही हे मला त्यांनीच शिकवलेलं, सहा वर्षांची होते मी. त्याच रात्री एसटीने पुण्याला आले. त्यानंतर घरून आलेला पहिला मेसेज थेट २०२३ चा, १७ ऑक्टोबरला सुप्रीम कोर्टाने आमच्या लग्नांना मान्यता द्यायला नकार दिला ती बातमी काकांनी पाठवलेली, खाली हात जोडल्याचा इमोजी.

दिवे घाट चढून वर आल्यावर पाण्याच्या टँकरपाशी अण्णा दिसले. वीणा दुसऱ्याकडे दिलेली, आणि टँकरवाल्या पोराच्या पाया पडत होते, माऊली माऊली म्हणत. तो कोण, कुठला, काय करतो, काही विचारलं नाही. मी दहा पावलांवर उभी होते. पुढे गेले नाही, धीरच झाला नाही.

संन्याशाची पोरं म्हणून ज्ञानोबांना आणि भावंडांना आळंदीत वाळीत टाकलं, आईबापांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, हा प्रसंग अण्णा कीर्तनात घेतात तेव्हा रडतात, अजून रडतात, आणि ते रडणं खरं असतं, मी लहानपणापासून पहिल्या ओळीत बसून बघितलंय. पण ज्यांनी त्या लेकरांना बाहेर काढलं ते पण शास्त्र बघूनच बोलत होते ना, धर्म राखतोय असंच त्यांनाही वाटत होतं. मला अण्णांना एवढंच विचारायचंय, कधीतरी विचारणार.

चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं, वारकऱ्यांच्या रांगांमधून घोडे दौडत गेले, टापांखालची माती कपाळाला लावायला लोकांची ही झुंबड, त्यात मी ढकलली जात जात बायकांच्या रांगेत शिरले आणि समोर आई, डोक्यावर तुळस. आई वाळली होती खूप. मला वाटलं तोंड फिरवेल. तिने इकडे तिकडे बघितलं, वृंदावन उतरवलं, पदराची चुंबळ केली नि माझ्या डोक्यावर ठेवून वर तुळस ठेवली, म्हणजे आता आम्ही दोघी एकाच पदराला बांधलेल्या.

"मान सरळ ठेव, माती सांडंल."

बस, एवढंच बोलली, तरडगाव येईपर्यंत दुसरं काही नाही. अण्णा पुढे होते, विणेचा आवाज येत होता, त्यांनी मागे वळून बघितलं का ते मला दिसलं नाही, डोक्यावर तुळस होती, मान हलवता येत नव्हती.