उसना घेतलेला दशक परत कधी द्यायचा?

"आई, उसना घेतला ना, मग परत कधी द्यायचा?"

लेक दुसरीत आहे. वहीत वजाबाकी होती, ४२ वजा १७. लहानपणापासून ओठांवर बसलेलं वाक्य मी म्हटलं, "दोनातून सात जात नाहीत, म्हणून शेजारून एक उसना घे." तिने घेतला. चाराचे तीन झाले, दोनाचे बारा झाले, उत्तर २५ आलं. बरोबर आलं. पण ती पुढच्या गणिताकडे वळेना. कुणाकडून खोडरबर उसनं आणलं तर ते परत द्यायचं असतं, हे तिला पक्कं ठाऊक आहे. इथे मात्र चाराचे तीन झाले ते झालेच.

दोन दिवस तो प्रश्न माझ्या डोक्यात होता. तिचं बरोबर होतं. तिथे कुणी कुणाकडून काही उसनं घेतच नाही. एक दशक सुटतो आणि त्याचे दहा एकक होतात, एवढंच घडतं. 'उसना' हा शब्द मी आमच्या घरापुरता बंद केला. आता आम्ही 'दशक सोडव' म्हणतो.

त्याआधी आठवडाभर याच गणिताचं तिचं उत्तर ३५ यायचं. सातातून दोन गेले पाच, चारातून एक गेला तीन. या वयाची पुष्कळ मुलं हे करतात आणि त्यात निष्काळजीपणा नसतो. मोठ्यातून लहान काढायचा, हा पहिलीत शिकलेला नियम ती प्रामाणिकपणे पाळत असतात. लेकीला बेचाळीस दिसतच नव्हते. तिला शेजारी शेजारी उभे असलेले एक चार आणि एक दोन दिसत होते.

म्हणून मी काड्या घेऊन बसले. दहा-दहाचे गठ्ठे तिनेच बांधले, प्रत्येकाला रबरबँड. चार गठ्ठे आणि दोन सुट्या. "यातल्या सतरा मला दे." तिने एक गठ्ठा दिला, दोन सुट्या दिल्या आणि थांबली. अजून पाच हव्या होत्या. समोर तीन गठ्ठे, पण सुटी काडी एकही नाही. रबरबँड न काढता गठ्ठ्यातून एकेक काडी ओढून बघितली. स्वतः बांधलेला गठ्ठा सोडायचा म्हणजे तो बिघडवायचा, असं तिला वाटत होतं. मी काही बोलले नाही. बऱ्याच वेळाने तिने रबरबँड काढला, काड्या फरशीवर पसरल्या, पाच मोजून माझ्या हातात ठेवल्या. उरले दोन गठ्ठे, पाच काड्या. मग वहीतल्या चारावर बोट ठेवून म्हणाली, "म्हणजे चाळीस याच्या आत बसले होते?"

त्या दिवसापासून मी तिची सगळी पुस्तकं वेगळ्या नजरेने बघते आहे. दुसरीत काय शिकवतात असं विचारलं तर आपण विषय सांगतो: वाचन, लेखन, बेरीज-वजाबाकी, घड्याळ, झाडं-प्राणी, चित्रकला, खेळ. मला वाटतं, या सगळ्यांत मिळून मुलं एक फार मोठी गोष्ट शिकत असतात. खूण तीच असते, पण ती कुठे बसली आहे त्यावर तिचा अर्थ ठरतो.

हे आपल्याला इतकं अंगवळणी पडलेलं असतं की त्यात शिकण्यासारखं काही आहे हेच विसरतो. रोमन अंकांत दहाचं चिन्ह कुठेही लिहा, ते दहाच असतं, मिळवायचं असो की वजा करायचं असो. आपल्या अंकांत मात्र एकच दोन कधी दोन, कधी वीस, कधी दोनशे. ब्रह्मगुप्ताने शून्यासह आकडेमोड करण्याचे नियम ६२८ साली मांडले. हे अंक युरोपला समजावून सांगणारा फिबोनाची लिहीत होता १२०२ मध्ये. मधे पावणेसहाशे वर्षं गेली. तेच लेकीने 'एकशे पाच' ऐकून १००५ लिहिलं तर आपण एका आठवड्यात रागावायला लागतो. तिने कानांनी ऐकलं तसं लिहिलं होतं: आधी शंभर, मग पाच.

कान आणि पेन्सिल यांची मराठीत तर आणखीच ओढाताण होते. 'पंचवीस' म्हणताना आधी पाच ऐकू येतात, लिहिताना मात्र आधी दोन लिहायचे. जर्मन मुलांचीही हीच अडचण, त्यांच्याकडेही 'पाच आणि वीस' म्हणतात. चिनी मुलं सरळ 'दोन-दहा-पाच' म्हणतात आणि तसंच लिहितात. आणि आपले एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास! एकोणतीसमध्ये 'तीस' ऐकू येतं आणि लिहायला घ्यायचे दोन. लेक बरेच दिवस ३९ लिहायची. मग एकदा मी तिला 'एकोण' म्हणजे एक कमी, एवढंच सांगितलं. ती एकोणऐंशीपर्यंत सगळे स्वतःच म्हणत गेली आणि एकोणनव्वदला हसली. नव्व्याण्णवला मात्र अडली, 'एकोणशंभर' का नाही म्हणून. खरंच, तिचा शब्द जास्त सुसंगत होता.

आता 'र'. माझ्या मते दुसरीच्या भाषेच्या पुस्तकातलं सगळ्यात अवघड अक्षर हेच. पहिलीत तो साधा होता. दुसरीत जोडाक्षरं आली आणि तो जागा बदलायला लागला. 'चक्र'मध्ये तो क च्या पायाशी तिरका, 'ट्रक'मध्ये ट च्या खाली छपरासारखा, 'वर्ग'मध्ये ग च्या डोक्यावर, आणि 'दुसऱ्या'मध्ये य ला चिकटलेली छोटीशी आडवी खूण.

लेकीने 'वर्ग' हा शब्द 'र्वग' असा लिहून आणला होता. बाईंनी लाल गोल केला होता. मी तिला म्हटलं, हळू बोलून बघ. तिने व वर हात ठेवल्यासारखं करत म्हटलं, "व... र्... ग." व झाल्यावर लगेच र् येतो, म्हणून तिने तो व वरच ठेवला. ऐकलेलं तिने नेमकं टिपलं होतं. पंचवीसचीच गोष्ट पुन्हा! रफाराचा उच्चार आधी, पण तो बसतो पुढच्या अक्षरावर. "र अर्धा आहे, त्याला एकट्याला उभं राहता येत नाही, म्हणून पुढच्याच्या डोक्यावर चढतो," असं सांगितल्यावर तिला पटलं. मग मी 'दर्या' आणि 'दऱ्या' शेजारी शेजारी लिहिले. एक समुद्र, एक डोंगरांमधल्या खोल जागा. अक्षरं तीच, र ची बसण्याची पद्धत वेगळी. तिने दोन्ही शब्द पाच-सहा वेळा मोठ्याने म्हटले. 'दर्या'ला द वर जोर येतो हे तिने शोधलं, मी सांगितलं नव्हतं.

जोडाक्षरांची वीस-वीस वेळा घोटणी मला म्हणूनच पटत नाही. हात दुखून येतो आणि कान झोपलेला राहतो. पाच वेळा लिहावं, पण बोलून, ऐकून, तोडून लिहावं.

घड्याळाबद्दलही असंच. घड्याळावरचा तीन लहान काट्यासाठी तीन असतो, मोठ्या काट्यासाठी पंधरा. सात वर्षांच्या मुलाने एकाच आकड्याचे दोन अर्थ एकाच वेळी धरायचे! त्यात 'पावणेचार' म्हटलं की चार ऐकू येतात, पण काटा अजून चारावर पोचलेला नसतो. आम्ही मोठा काटा काढून टाकलेल्या कागदी घड्याळावर पंधरा दिवस नुसता लहान काटा वाचला. तिनाच्या जरा पुढे, तीन आणि चारच्या मधोमध, चाराच्या अगदी जवळ. त्यावर सव्वातीन, साडेतीन, पावणेचार आपोआप बसले. मोठा काटा नंतर आला तेव्हा तो फारसा परका वाटला नाही.

परिसराच्या तासाला वर्गाचा नकाशा काढायला सांगितला होता. वरून बघितल्यासारखा. खुर्चीचे पाय दिसणार नाहीत हे पटायला तिला वेळ लागला. डावं-उजवं मात्र गेल्या वर्षापेक्षा सुधारलंय. समोर बसलेल्या माझा डावा हात कोणता, हे आता ती मनातल्या मनात माझ्या खुर्चीत बसून सांगते. गेल्या वर्षी मी विचारलं होतं, "दादाला बहीण आहे का?" तर ठामपणे 'नाही' म्हणाली होती. दादा तिला होता, दादाला ती कशी असेल? जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात मुलांना भावंडांबद्दल आणि डाव्या-उजव्याबद्दल नेमके असेच प्रश्न विचारले होते. यंदा पुन्हा विचारलं तर म्हणाली, "मीच की!"

मोजमापात आम्ही एकच टेबल वितींनी मोजलं. तिच्या साडेआठ, माझ्या सहा. कोण चुकलं यावर तिने बराच विचार केला आणि मग मोजपट्टी मागितली. ओल्या कापसातलं घेवड्याचं बी तिने दोनदा उलटं फिरवलं, मूळ दोन्ही वेळा वळून खालीच गेलं. रंगांत निळा आणि पिवळा मिळून हिरवा झाला. खेळाच्या तासाला झेल घ्यायला शिकली. चेंडूकडे शेवटपर्यंत बघायचं असतं, असं आता ती मलाच सांगते.

काल संध्याकाळी तिने स्वतःच काड्यांचा डबा काढला. दहा गठ्ठ्यांचा एक मोठा गठ्ठा करून त्याला जाड रबरबँड लावलेला होता, तो शंभराचा. शेजारी तीन सुट्या. मी विचारलं, "एकशे तीनमधून आठ देशील?" तिने कागदावर १०३ लिहिलं आणि शून्याकडे बघत राहिली. "दशकाच्या घरात कुणीच नाहीये."

मी गप्प बसले. तिने जाड रबरबँड ओढून काढला, दहा गठ्ठे मोकळे झाले. त्यातला एक घेतला, त्याचाही रबरबँड काढला. नऊ गठ्ठे, तेरा काड्या. आठ मोजून माझ्यापुढे सरकवल्या. पंच्याण्णव, म्हणाली, आणि लिहिताना आधी नऊ लिहिले. ते दोन्ही रबरबँड तिने मनगटात चढवले. रात्री झोपताना काढ म्हटलं, तर हात पांघरुणात घेतला.