तेलाची घुसळण : गिअरबॉक्स रिगची चौथी नोंद

गिअरबॉक्समध्ये तेल घुसळण्यात किती ताकद वाया जाते, हे मोजायची ही रिग, म्हणजे चाचणीची मांडणी. मागच्या नोंदीत ती उभी राहिली होती, पण काटा जागेवर थांबत नव्हता. दोष मोटरच्या केबलचा निघाला. मोटर पाळण्यावर झुलती ठेवली आहे. तिच्या बॉडीला बसणारा उलटा पीळ २५ सेंटिमीटरच्या दांडीतून स्प्रिंगकाट्यावर यावा, अशी ती मांडणी. जाड केबल इतकी ताठ होती की पाळण्याचा थोडा भार तीच पेलत होती. केबलला मोठं सैल वेटोळं दिलं आणि आता तेच रीडिंग तीनदा घेतलं तरी जुळतं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: जुन्या ट्रॅक्टर गिअरबॉक्सचं हाऊसिंग (बाहेरचं कवच), त्यात काउंटर शाफ्टवरचा एकच मोठा गिअर, व्यास २५० मिलिमीटर, रुंदी ४०. जोडीचा गिअर मुद्दाम काढलेला आहे. दात दातावर घासून जाणारी ताकद लोडबरोबर वाढते, तर घुसळणीत जाणारी ताकद लोड असो-नसो जातच राहते. मला ही दुसरी एकटी मोजायची आहे. काउंटर शाफ्ट इंजिनाला बांधलेला असतो, त्यामुळे क्लचवरून पाय काढलेला असेल तर ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये उभा असतानाही हा गिअर तेल घुसळत असतो.

आधी तेल काढून, बेअरिंगना नुसता तेलाचा हात फिरवून कोरडी फेरी घेतली: १५०० आरपीएमला काटा ०.२ किलो. हे बेअरिंग आणि सीलचं. मग एसएई ९० हे जाड गिअर तेल गिअरच्या व्यासाच्या एक तृतीयांशापर्यंत भरलं, ६० अंशांवर स्थिर होऊ दिलं. काटा १.४ किलो. फरक १.२ किलो, म्हणजे सुमारे २.९ न्यूटन मीटरचा पीळ आणि त्या वेगाला साधारण ४६० वॅट. एका गिअरचे! ७५० आरपीएमला हाच हिशोब १३५ वॅटच्या आसपास आला. वेग दुप्पट, तोटा जवळजवळ साडेतीनपट. तेल तापवायला हीटर लावलेला नाही, पाऊण तासात २५ अंशांचे ६० नुसत्या घुसळणीने झाले. ती ४६० वॅट कुठे जातात हे हाऊसिंगवर हात ठेवला की कळतं.

आता मुख्य गोष्ट. माझी पक्की समजूत होती की तेल पातळ केलं की काम झालं. म्हणून १०डब्ल्यू-३० दर्जाचं ट्रान्समिशन-हायड्रॉलिक तेल घातलं. १०० अंशांना एसएई ९० ची व्हिस्कॉसिटी (चिकटपणा) १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक्सच्या पट्ट्यात असते, ३० ग्रेडची ९.३ ते १२.५ च्या. थंड असताना फरक ठसठशीत दिसला: २५ अंशांना जाड तेलावर काटा २.१ किलो होता, पातळावर १.६. पण ६० अंशांना १.४ चे जेमतेम १.३ झाले. तेव्हा तिथे गिअर लढतो तो तेलाच्या चिकटपणाशी कमी आणि त्याच्या वजनाशी जास्त. एवढं तेल सतत उचलायचं, वेगात आणायचं आणि भिंतीवर फेकायचं, त्याचीच ही किंमत.

हाऊसिंगला लावलेल्या ॲक्रिलिकच्या खिडकीतून ते डोळ्यांनी दिसतं. सुरू करताना तेल मधासारखं पारदर्शक. वेग चढला की गिअरच्या दोन्ही बाजूंनी तेलाची चादर वर येते, छताला आपटते आणि भिंतीवरून ओघळते. खालची पातळी डोळ्यांदेखत उतरते. दहा मिनिटांत सगळं दुधी होतं, इतकी हवा त्यात मिसळते. मोटर बंद केल्यावर बारीक बुडबुडे बराच वेळ वर येत राहतात. म्हणून नुकत्याच थांबवलेल्या गिअरबॉक्सच्या डिपस्टिकवर मी विश्वास ठेवत नाही.

मग पातळी उतरवून पाहिली. फक्त दात बुडतील एवढंच तेल ठेवलं तर काटा थेट ०.५ वर आला. आकडा सुंदर, पण शाफ्टच्या, तेलाच्या पातळीहून वर असलेल्या, बेअरिंगवरचं तापमान चढायला लागलं, कारण त्याला मिळणारं तेल हेच फेकलेलं तेल. फेरी तिथेच थांबवली. खऱ्या ट्रॅक्टरमध्ये तर हा मार्ग आणखी अवघड. बऱ्याच मॉडेलमध्ये गिअर, डिफरन्शियल, तेलातले ब्रेक आणि हायड्रॉलिक पंप सगळ्यांची टाकी एकच असते. उतारावर किंवा ट्रॉलीचा जॅक पूर्ण वर असताना पंपाचं सक्शन, म्हणजे तेल ओढायचं तोंड, उघडं पडलं तर पंप हवा ओढतो. खुणेच्या खाली तेल ठेवून ताकद वाचवू नका, ही कळकळीची विनंती.

वाट सापडली ती शांजने आणि वेलेक्स या फ्रेंच संशोधकांच्या २००८ मधल्या कामात. हाऊसिंगच्या भिंती गिअरच्या बाजूंना जवळ आणल्या की घुसळण कमी होते, असं त्यांनी मोजून दाखवलं. मला आधी उलटं वाटायचं: जागा अरुंद, म्हणजे तेल जास्त रगडलं जाणार. पण गिअर आपल्यासोबत किती तेल फिरवतो हे बाजूची जागाच ठरवते.

२ मिलिमीटर पत्र्याच्या दोन तबकड्या कापल्या, गिअरच्या दोन्ही बाजूंना ५ मिलिमीटर फट ठेवून बसवल्या आणि बाहेरून पत्र्याचाच घेर दिला. खाली तेल आत यायला दोन लहान भोकं. गिअर आतलं तेल बाहेर फेकतो, भोकांतून परत येतं ते सावकाश, त्यामुळे चालताना आतली पातळी बाहेरच्यापेक्षा खाली राहते. टाकीत तेल तेवढंच, गिअरभोवती मात्र कमी.

पहिल्या फेरीत घेर वरूनही बंद केला होता आणि पुन्हा तेच वरचं बेअरिंग तापलं. शिवाय कडेचा वेल्डिंगचा एक टाका थरथरून सुटला, पत्रा गिअरला घासल्याचा आवाज येताच मोटर बंद केली. दुसऱ्या फेरीसाठी तबकड्यांना कड दुमडून ताठपणा दिला, टाके सोडून बोल्ट आणि लॉक वॉशर वापरले. वर अंगठ्याएवढी खिडकी कापली आणि तिच्या ओठाला उतार दिला, म्हणजे फेकलेलं तेल थेट बेअरिंगच्या खाचेत उतरतं.

आता काटा ०.९ किलो. कोरडी फेरी वजा करून ०.७, म्हणजे २७० वॅटच्या आसपास. तेल तेच एसएई ९०, पातळी तीच, आणि वरचं बेअरिंग तासभर चालवूनही थंड.

चालत्या ट्रॅक्टरमध्ये हे पत्रे मी अजून घालणार नाही. एक बोल्ट गिअरमध्ये गेला तर आख्खं हाऊसिंग फुटेल. पुढच्या फेरीत जोडीचा गिअर परत बसवतो आहे, कारण दोन दातांच्या मधून तेल पिळून बाहेर पडताना आणखी ताकद जाते. त्या जागेभोवती पत्रा कसा वळवायचा हे अजून सुटलेलं नाही. कोणी दोन गिअरभोवती असा घेर केला असेल तर मधल्या खाचेचं माप जरूर कळवा.