"लय भारी हाय की!"

मागच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही तिघं कराडच्या बाजूच्या एका गावात गेलो होतो. बरोबर लॅपटॉप, दोन फोन आणि फिगमात (स्क्रीन डिझाइन करायचं सॉफ्टवेअर) बनवलेलं एकदम चकाचक प्रोटोटाइप, म्हणजे अॅप बनवायच्या आधीचा नमुना. अॅप होतं डेअरीला दूध घालणाऱ्या लोकांसाठी. सकाळ-संध्याकाळ किती लिटर गेलं, फॅट किती लागली, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) किती, दर काय बसला आणि बिल किती होणार हे फोनवर दिसावं, बास, एवढीच आयडिया. आठ घरं फिरलो, आठही घरी चहा झाला (सात ठिकाणी घट्ट दुधाचा, एका ठिकाणी कोरा, कारण त्या घरात सगळं दूध डेअरीला जातं, हे नंतर कळलं), आणि आठही घरी फीडबॅक एकच. "लय भारी हाय की!"

परत येताना गाडीत आम्ही जाम खुश. रात्री घरी येऊन रेकॉर्डिंग बघायला बसलो आणि हळूहळू पोटात गोळा यायला लागला. एका मावशींच्या घरचं चाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग होतं आणि त्यात तीस मिनिटं मीच बोलत होतो. "हे बघा मावशी, इथं दाबलं की असं येतं, बरोबर ना? सोपंय ना?" मावशी प्रत्येक वेळी मान डोलावतायत. फोनला त्यांनी पूर्ण वेळात एकदासुद्धा हात लावला नव्हता. फोन माझ्या हातात, बोट माझं, आणि टेस्ट म्हणे युजरची!

यात त्यांची काही चूक नाही. दारात आलेल्या पाहुण्याला तोंडावर कोण सांगणार की तुमचं काम फसलंय म्हणून. पोरं पुण्याहून आलीत, एवढं करून आणलंय, म्हणा छान आणि मोकळं करा. त्यात आमचं प्रोटोटाइप दिसायला इतकं तयार होतं, की त्यात आता काही बदलता येतं असं कुणाला वाटणारच नाही. वास्तुशांतीला जेवायला गेलेला माणूस घरमालकाला सांगतो का, की ओटा चुकीच्या भिंतीला घेतलात? फार तर घरी जाताना बायकोला सांगतो. तो बायकोला जे सांगतो ते ऐकायला मिळणं म्हणजे आमच्या अॅप डिझाइनच्या धंद्यात फीडबॅक.

मग दुसऱ्या फेरीला लॅपटॉप घरीच ठेवला. ए-फोर कागद आडवा कापून फोनपेक्षा थोड्या मोठ्या चिठ्ठ्या केल्या, काळ्या स्केचपेननं प्रत्येक स्क्रीन हातानं काढली, पट्टीसुद्धा नाही वापरली, मुद्दाम. वेगवेगळे आकडे लिहिलेले तुकडे वेगळे, म्हणजे कुणी बोट ठेवलं की खालचा तुकडा बदलायचा. आमच्यातला डेव्हलपर झाला कंप्युटर. त्याचं काम एकच, माणसानं जिथं बोट ठेवलं त्याप्रमाणे कागद बदलायचा आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. बिचाऱ्याला हे फार जड गेलं, कारण लोकं चुकीच्या जागी बोट ठेवायची आणि त्याच्या भुवया आपोआप वर जायच्या. शेवटी त्याला टोपी खाली ओढून बसायला सांगितलं.

ही काही आमची अक्कल नाही, जुनीच पद्धत आहे. स्कँडिनेव्हियात १९८१ ते ८५ च्या दरम्यान युटोपिया नावाचा प्रोजेक्ट झाला होता, वर्तमानपत्रांच्या छपाईतल्या कामगारांच्या युनियननी संशोधकांबरोबर मिळून केलेला. त्यांना ज्या मशीन हव्या होत्या त्यातल्या काही तेव्हा हाताशी नव्हत्याच, तर त्यांनी पुठ्ठ्याचे मॉकअप, म्हणजे खोट्या मशीन, केल्या, आणि एक रिकामं खोकं ठेवलं लेझर प्रिंटर म्हणून. कामगार त्या खोक्यासमोर बसून आपलं काम कसं करू ते करून दाखवायचे. पाम पायलट (हातात मावणारा छोटा कंप्युटर) बनवणाऱ्या जेफ हॉकिन्सची गोष्ट तर बऱ्याच जणांना माहीत असेल, खिशात बसेल एवढा लाकडाचा ठोकळा घेऊन फिरायचा आणि मीटिंग ठरवायची वेळ आली की ठोकळा काढून त्यावर टकटक करायचा. लोकांना येडा वाटला असेल, पण कितीदा काढतोय आणि कशासाठी काढतोय हे त्याला मशीन बनवायच्या आधी कळलं. आमच्या कागदाच्या चिठ्ठ्या त्यामानानं हाय-टेक म्हणायच्या.

तर, त्याच मावशी. गोठ्याच्या कडेला पाट टाकून बसलो. यावेळी मी शेळीसारखा गप्प बसायचं ठरवलं होतं. एकच काम दिलं, "मावशी, परवा संध्याकाळी म्हशीला किती फॅट लागली ते यात बघून सांगा, आणि बघताना मनात जे येईल ते मोठ्यानं बोला." पहिला अर्धा मिनिट शांतता. मला घाम. मध्ये बोलायला जीभ वळवळत होती पण बोललो नाही. मग मावशी कागदावर बोट फिरवत म्हणाल्या, "ह्ये काय, टेकडी काढलीया व्हय?"

ती टेकडी म्हणजे आमचा ग्राफ. महिनाभराच्या दुधाचा चढउतार. मी त्यावर दोन दिवस घातले होते.

मग त्या पुढं बोलत गेल्या, आणि एकदा बोलायला लागल्यावर थांबेनात. "ही ए एम, पी एम काय हाय? सकाळचं आन सांजचं लिवा की." लिहिलं. तिथंच, स्केचपेननं, खोडून. हे बघितल्यावर त्यांचा चेहराच बदलला, म्हणजे अरे, हे आपण सांगितलं की बदलतंय! त्यानंतर पेन मी परत मागितलंच नाही.

पुढची स्क्रीन होती "या महिन्याची सरासरी फॅट, ५.२". मावशींनी चष्मा लावला, परत बघितलं, आणि मला विचारलं, "ही कुणाची?" मी म्हटलं म्हणजे? "अरं गाईची का म्हशीची?" दोघांची मिळून, मी. त्यावर मावशी जे हसल्या ते अजून आठवतं. गाईच्या दुधाला ३.८ लागली, म्हशीच्या दुधाला ६.६, दोन्ही सारखंच लिटर, म्हणून आमच्या अॅपनं मधला आकडा काढला ५.२, आणि ५.२ फॅटचं दूध देणारं जनावर त्या गोठ्यात एकही नव्हतं. दर पण वेगळे, गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून बोलला जातो, म्हशीचा ६ आणि ९ धरून, त्याच्या खाली गेलं की कट, वर गेलं की वाढ. दोन्ही एकत्र करून काढलेला आकडा कुणाच्याच कामाचा नाही. आमच्या टीममध्ये चार जणांनी ती स्क्रीन आठवडाभर बघितली होती, फॉन्ट मोठा करा यावर चर्चा झाली होती, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. पहिल्या फेरीत आठ घरांनी पण ती बघितली होती बरं का. लय भारी हाय की.

सगळ्यात मोठं प्रकरण मात्र तारखेचं निघालं. आम्ही सगळं महिन्यानं मांडलं होतं, जून, जुलै, ऑगस्ट. मावशींच्या शेजारचे एक अण्णा आले होते बघायला (कागद काढले की शेजारपाजारचे येतात, लॅपटॉप काढला की लांब उभे राहतात, हे पण तेव्हाच लक्षात आलं), ते म्हणाले, "दुसरं बिल कुठाय?" मला वाटलं डुप्लिकेट पावती मागतायत. नाही. दुधाचं बिल दहा दिवसांचं. एक ते दहा पहिलं, अकरा ते वीस दुसरं, एकवीस ते महिनाअखेर तिसरं. खात्यावर पैसे तसेच येतात, पेंडीचे पैसे तसेच कापले जातात, पोराच्या क्लासची फी "तिसऱ्या बिलात भरतो" असंच सांगितलं जातं. तिथं महिना ही गोष्ट नुसती भिंतीवरच्या कॅलेंडरात आहे, आणि आमचं अख्खं अॅप महिन्यावर उभं! डेव्हलपर टोपीखालून माझ्याकडं बघतोय, कारण डेटाबेसची रचना त्यानं आधीच सुरू केली होती. (मी सांगितलं होतं थांब म्हणून. असो.)

आणि "वजावट" नावाचा जो कॉलम आम्ही केला होता तो वाचून कुणालाच काही बोध झाला नाही. तिथले शब्द दोन, "उचल" आणि "खाद्य". उचल म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, खाद्य म्हणजे डेअरीतून उधारीवर आणलेली पोती. दोन्ही एका आकड्यात मिसळली की भांडणं होतात, कारण उचल बहुतेक वेळा नवऱ्यानं घेतलेली असते आणि बायकोला माहीत नसते. हे मावशींनी हळू आवाजात सांगितलं, अण्णा चहाचा कप ठेवायला उठले तेव्हा.

इथंच मला माझी दुसरी चूक कळली. पहिल्या फेरीत आठातले सहा जण पुरुष होते, कारण डेअरीत खातं त्यांच्या नावावर आणि आम्हाला मिळालेली यादी खातेदारांची. धार कोण काढतं, दूध घालायला कोण जातं, पावती कोण तारेला अडकवतं, हे आम्ही विचारलंच नव्हतं. खातेदार म्हणजे युजर असं गृहीत धरून मोकळे. आणि फोन? फोन मुलाचा, तो कॉलेजला गेला की फोन पण गेला, म्हणजे सकाळचं दूध घातल्यावर लगेच बघायला घरात फोनच नसतो. आमच्या "दूध घालताच नोटिफिकेशन" या लाडक्या फीचरचं कराडच्या एसटी स्टँडवर कुठंतरी टिंग वाजणार होतं.

पुण्यात परत आल्यावर मीटिंग झाली आणि अपेक्षेप्रमाणे क्लायंटकडच्या एका साहेबांनी विचारलं, दुसऱ्या फेरीतल्या पाच घरांवरून तुम्ही एवढा मोठा बदल सांगताय, सॅम्पल साइजचं काय? हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो. अॅप-वेबसाइट वापरायला सोप्या आहेत का हे तपासणाऱ्या जेकब नील्सननी २००० साली लिहिलेलं पाच युजरचं गणित सगळे फेकतात, की एका माणसाकडून साधारण ३१ टक्के अडचणी सापडतात असं धरलं तर पाच जणांत ८५ टक्क्यांच्या आसपास पोचता. पण त्याच लेखातलं पुढचं कुणी सांगत नाही. पंधरा जण मिळाले तर एकदम पंधरा वापरू नका, पाच-पाचच्या तीन फेऱ्या करा, मध्ये डिझाइन सुधारा, असं त्यात आहे, आणि युजरचे गट फार वेगळे असतील तर प्रत्येक गटाची माणसं वेगळी घ्या असंही आहे. आमचे पाच म्हणजे चार बायका आणि अण्णा. डेअरीतला क्लार्क, संकलन केंद्र चालवणारा, ही वेगळीच माणसं, त्यांच्याकडं वेगळं जायला लागणार होतं आणि नंतर गेलोही. किती टक्के लोकांना अॅप आवडेल हे विचारायचं असेल तर पाच जण चालणारच नाहीत. पण गाय आणि म्हशीची सरासरी एकत्र काढू नये हे कळायला किती मावशी लागतात?

साहेबांना हे सगळं सांगत बसलो नाही. मावशींच्या परवानगीनं घेतलेली चाळीस सेकंदांची क्लिप लावली, "अरं गाईची का म्हशीची?" वाली. खोलीत सगळे हसले आणि विषय संपला. स्लाइड करून नेल्या असत्या तर अजून भांडत असतो.

मी काही लगेच सुधारलो असं नाही. तिसऱ्या फेरीतही एका ठिकाणी "हे लाल रंगातलं दिसतंय ना?" असं तोंडातून निघूनच गेलं, आणि असं विचारल्यावर समोरचा हो म्हणणार नाही तर काय. त्याच लाल रंगाचं पुढं वेगळंच निघालं. फॅट कमी लागली की आकडा लाल, असं आम्ही केलेलं, तर एका काकूंना वाटलं लाल म्हणजे दूध नासलं म्हणून परत केलं. त्यांचा जीव क्षणभर वरखाली झाला, खोट्या कागदावरच्या खोट्या आकड्यानं. काढून टाकला लाल. आता नुसता खाली जाणारा बाण आहे आणि शेजारी कालचा आकडा.

एक सवय मात्र लागली, "आवडलं का" हे विचारायचं बंद केलं. त्याऐवजी विचारतो, मागच्या बिलाला पैसे कमी आले होते तेव्हा तुम्ही काय केलंत? मग लोकं उठून आत जातात, डबा आणतात, त्यातून पावत्या निघतात, थर्मल कागदावरच्या, निम्म्या पुसट झालेल्या, काहींवर पेननं आकडे परत गिरवलेले. ते गिरवलेले आकडे कुठले आहेत ते बघायचं. जवळजवळ सगळ्या पावत्यांवर फॅटच गिरवलेली होती, रुपये नाहीत. होम स्क्रीनवर सगळ्यात मोठा आकडा कुठला ठेवायचा यावर आमच्यात दोन आठवडे वाद चालला होता.

दिवाळीनंतर खरं अॅप फोनवर टाकायला गेलो तेव्हा मावशींच्या घरी भिंतीवरच्या तारेला पावत्यांबरोबर आमची एक चिठ्ठी अडकवलेली दिसली. दुसऱ्या फेरीत विसरून राहिलेली, दहा दिवसांच्या बिलाची, मोकळ्या चौकटी असलेली. त्यात मावशींच्या लेकीनं खरे आकडे भरले होते, गाय वेगळी, म्हैस वेगळी, अकरा तारखेपासून वीसपर्यंत. खाली पेननं एक ओळ जास्तीची मारलेली, "घरी ठेवलं", आणि पुढं अर्धा लिटर, एक लिटर असं रोजचं.

डेव्हलपरनं फोटो काढला आणि मला म्हणाला, हे आपल्याकडं नाहीये. मी म्हटलं, माहितीय.