मार्चमधला बहामाचा पाऊस आणि मिशिगनचा वटवट्या

मिशिगन राज्याच्या उत्तर भागात, ग्रेलिंग गावाच्या आसपास, रेताड जमिनीवर जॅक पाइनची कोवळी झाडे दाटीने उभी असतात आणि मे महिन्याच्या मध्यापासून त्यांच्या शेंड्यांवर एक लहानसा पक्षी गाऊ लागतो. त्याचे पोट पिवळे, पाठ निळसर करडी आणि वजन जेमतेम १४ ग्रॅम असते. इंग्रजीत त्याला कर्टलंड्ज वॉर्बलर म्हणतात. आपल्याकडच्या वॉर्बलरांचे कूळ वेगळे आहे, तरीही त्यांच्या मराठी नावावरून मी याला घरात कर्टलंडचा वटवट्या म्हणते. पुणे सोडून इथे आल्यानंतर ज्या पक्ष्याने मला या मुलखाशी बांधले, तो हाच.

१९७४ साली आणि पुन्हा १९८७ साली झालेल्या गणनेत गाणारे नर केवळ १६७ भरले होते. जॅक पाइनची फळे राळेने घट्ट मिटलेली असतात. वणव्याच्या धगीने ती उघडतात आणि नवे रान उगवते. हा पक्षी घरटे करतो ते अशाच पाच ते वीस वर्षांच्या रानात, झाडाच्या खालच्या फांद्यांच्या आडोशाला, जमिनीवर. माणसाने वणवे विझवायला सुरुवात केली आणि कोवळे रान मिळेनासे झाले. त्यातच आपल्याकडची कोकिळा जशी कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते, तशी काऊबर्ड नावाची चिमणीहून थोडी मोठी पाखरे याच्या घरट्यात अंडी घालू लागली. १९७२ पासून काऊबर्ड पकडण्याचे काम सुरू झाले, जुनी रानपट्टी तोडून नवी लागवड करण्याचा क्रम दरवर्षी पाळला गेला, आणि २०१९ साली हा पक्षी संकटग्रस्त प्रजातींच्या यादीतून बाहेर पडला. त्या वेळी त्याच्या जोड्या २००० हून अधिक झाल्या होत्या.

ही गोष्ट इथे अभिमानाने सांगितली जाते, आणि तो अभिमान योग्यच आहे. मात्र ती बहुतेक वेळा मिशिगनमध्येच संपते, याचे मला वाईट वाटते, कारण हा पक्षी वर्षाचा निम्म्याहून अधिक काळ बहामा बेटांवर काढतो. तिथल्या एल्युथेरा बेटावर २००२ पासून अमेरिकेचे वनखाते, नेचर कॉन्झर्व्हन्सी आणि बहामाज नॅशनल ट्रस्ट या निसर्गसंवर्धन संस्था यांनी मिळून अभ्यास केला आणि त्यात बहामाच्या तरुण विद्यार्थ्यांना प्रशिक्षण दिले. त्यातून दिसले की पक्ष्याला तिथेही जुने घनदाट रान नको असते. सोडून दिलेल्या शेतांवर, विजेच्या तारांखालच्या पट्ट्यांवर आणि शेळ्या चरलेल्या जागी उगवणारी, बारीक फळे धरणारी झुडपे त्याला हवी असतात. म्हणूनच झुडपे योग्य वयाची राहावीत यासाठी शेळ्या चारण्याचा प्रयोगही तिथे झाला. मिशिगनमध्ये तोड आणि लागवड जे काम करतात, तेच तिथे शेळी करू शकते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, मार्च महिन्यात बहामात पाऊस कमी पडला की फळे आणि किडे कमी होतात, पक्ष्यांना प्रवासापुरती चरबी साठवायला वेळ लागतो, ते इथे उशिरा पोहोचतात आणि त्यातले कमी पक्षी जगतात. ग्रेलिंगच्या रानातली गणना अशी काही अंशी एल्युथेराच्या पावसावर ठरते.

मी ज्या स्थानिक पक्षिमित्र मंडळाची सभासद आहे, तिथे दोन वर्षांपूर्वी मी ठराव मांडला होता की वार्षिक निधीतला दहावा हिस्सा बहामातल्या कामाला द्यावा. लोकांनी तो शांतपणे ऐकून घेतला, आणि इथल्या देणगीदारांचा पैसा इथेच खर्च व्हावा, असे म्हणून तो बाजूला ठेवला. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. तरीही ज्या पक्ष्यासाठी आपण वर्गणी गोळा करतो, तो ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत ज्या जमिनीवर जगतो तिला त्या वर्गणीत वाटा नसावा, हे मला पटलेले नाही.

अमेरिकेच्या संसदेने हे तत्त्व २००० सालीच कायद्यात मान्य केले आहे. लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियन बेटे यांच्याशी जोडलेल्या स्थलांतरित पक्ष्यांसाठी त्या कायद्याने अनुदान सुरू झाले आणि त्यातली किमान ७५ टक्के रक्कम अमेरिकेबाहेर खर्च झाली पाहिजे, अशी अट घातली गेली. अडचण दुसऱ्या अटीत होती. अनुदानाच्या प्रत्येक डॉलरमागे अर्जदाराने अन्य मार्गाने तीन डॉलर उभे करायचे होते. लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियन भागात हा वाटा श्रम, जमीन किंवा सामानाच्या रूपाने देण्याची मुभा होती, तरीही एखाद्या बेटावरच्या छोट्या संस्थेला तिप्पट वाटा दाखवणे जड जाते. २०२४ साली कायदा दुरुस्त झाला, तिपटीची अट दुपटीवर आली आणि वर्षाला १ कोटी डॉलरपर्यंतच्या खर्चाला परवानगी मिळाली. परवानगी म्हणजे प्रत्यक्ष तरतूद नव्हे, हे खरेच. पण ज्या गावात पैसा पोहोचायला हवा, त्या गावाच्या ऐपतीचा विचार या दुरुस्तीत झाला, म्हणून तिचे मोल मला फार वाटते.

पैसा सीमेपलीकडे गेल्याने काय होते, याचा दाखला बदकांनी दिला आहे. इथल्या बदकांची वीण मोठ्या प्रमाणावर कॅनडाच्या गवताळ प्रदेशातल्या तळ्यांवर होते, हे ओळखून १९८६ साली दोन्ही देशांनी एकत्र आराखडा केला, १९८९ च्या कायद्याने अमेरिकेचा पैसा कॅनडा आणि मेक्सिकोतल्या पाणथळींसाठीही खुला झाला, आणि मेक्सिको १९९४ साली आराखड्यात सामील झाला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार १९७० पासून उत्तर अमेरिकेतले सुमारे २९० कोटी पक्षी कमी झाले आणि गवताळ रानातल्या पक्ष्यांची संख्या निम्म्याहून खाली आली. त्याच काळात बदके आणि हंस मात्र ५६ टक्क्यांनी वाढले. त्यांच्या पाठीशी शिकारी होते, आणि शिकाऱ्यांनी १९३४ पासून दरवर्षी बदकांच्या शिकारीसाठी लागणारे सरकारी तिकीट, म्हणजे ‘डक स्टॅम्प’, विकत घेऊन पाणथळींसाठी पैसा भरला. गाणाऱ्या पाखरांसाठी दरवर्षी नेमाने पैसे भरणारा असा वर्ग उभा राहिलेला नाही.

हे लिहिताना मला भिगवण आठवते. उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात उतरणारे पट्टकादंब हंस ज्या मध्य आशियाई उड्डाणमार्गाने येतात, तो सुमारे ३० देशांतून जातो. त्या मार्गासाठी २०२४ साली समरकंदला भरलेल्या, स्थलांतरित प्राण्यांविषयीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत नवा उपक्रम मान्य झाला आणि समन्वयाचे काम भारताकडे आले. वीण मंगोलिया आणि तिबेटच्या पठारांवर, हिवाळा आपल्या तळ्यांवर. म्हणजे इथे जे बहामाचे स्थान आहे, ते तिथे आपले आहे. समन्वयाबरोबर दोन्ही टोकांना पोहोचणारा आणि छोट्या संस्थेला झेपेल अशा अटींचा निधी त्या मार्गाला मिळावा, असे मला मनापासून वाटते.

बदकांचे तिकीट मी शिकार न करताही दरवर्षी २५ डॉलर देऊन घेते. यंदा तेवढीच रक्कम मी बहामाज नॅशनल ट्रस्टलाही पाठवली. आमच्या मंडळाची पुढची बैठक मार्चमध्ये आहे. तोच ठराव मी पुन्हा मांडणार आहे, आणि या खेपेला सोबत एल्युथेराच्या पावसाच्या नोंदी नेणार आहे.